खारपाणपट्ट्यातील विहिरींच्या नोंदीबाबत दोन्ही विद्यापीठांकडे मागणीपत्र

प्रति,
मा. कुलगुरू, संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ, अमरावती
मा. कुलगुरू, डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ, अकोला



दर्यापूर, भातकुली, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा, पुढे शेगाव आणि संग्रामपूर. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या खारपाणपट्ट्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतली नऊशेच्या आसपास गावे येतात. इथे विहीर खणली की पाणी लागते, पण तोंडात धरवत नाही. तेच पाणी वावराला दिले तर त्यातल्या सोडियममुळे काळ्या मातीचे कण सुटे होऊन छिद्रे बुजतात, पाणी मुरेनासे होते आणि वाळल्यावर ढेकूळ फुटत नाही. म्हणून पायाखाली पाणी असूनही आमची कपाशी, तूर आणि मूग आभाळाकडे पाहूनच निघतात.

कृषी विद्यापीठ 1969 पासून आणि अमरावती विद्यापीठ 1983 पासून याच भूमीत उभे आहे. जिप्सम, हिरवळीचे खत, शेततळी यांवर कृषी शास्त्रज्ञांनी केलेल्या कामाची आम्हाला जाण आहे. पण आपल्या विहिरीचे पाणी दहा वर्षांपूर्वीपेक्षा खारट झाले की निवळले, हे आमच्या शेतकऱ्याला आजही सांगता येत नाही. सांगायला नोंदच नाही. अशी नोंद वर्षानुवर्षे ठेवू शकणारी यंत्रणा विद्यापीठांकडे आहे, कारण त्यांच्याकडे दरवर्षी नवे विद्यार्थी येतात आणि त्यातले पुष्कळ याच गावांतले असतात.

आमची मुख्य मागणी त्यातूनच निघते. सर्वोच्च न्यायालयाने 1991 साली एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर निकाल देताना पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करायला सांगितले. त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीसाठी जो अभ्यासक्रम आखला, त्यात 100 पैकी 25 गुण प्रत्यक्ष क्षेत्रकार्याला ठेवले. हेतू चांगला होता. पण पुष्कळ ठिकाणी तो प्रकल्प झेरॉक्सच्या दुकानातून बांधून येतो आणि गुण दिल्यावर रद्दीत जातो. नव्या शैक्षणिक धोरणानंतर विषयाची रचना बदलली, तरी हे क्षेत्रकार्य कायम ठेवून खारपाणपट्ट्यातील महाविद्यालयांत त्याला एकच काम जोडून द्यावे. विद्यार्थ्याने आपल्या गावातली ठरलेली विहीर आणि ठरलेला हातपंप वर्षातून दोनदा, मे महिन्यात आणि पावसाळा सरल्यावर, तपासावा. पाण्याची पातळी आणि विरघळलेले क्षार जागेवर मोजता येतात. सोडियम, नायट्रेट आणि फ्लोराइडसाठी नमुना महाविद्यालयाच्या किंवा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत जावा. पुढच्या वर्षी दुसरा विद्यार्थी येईल, विहीर तीच राहील. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या नोंदींशी हे आकडे ताडून पाहता येतील आणि विद्यार्थ्याचे मोजमाप कुठे चुकते तेही कळेल.

कृषी विद्यापीठाचे कृषिदूत आणि कृषिकन्या कार्यानुभवासाठी गावात राहतात, बीजप्रक्रियेची प्रात्यक्षिके देतात. त्यांनी त्याच विहिरीखालच्या वावरातली माती काढावी. पाणी आणि माती यांची नोंद एकाच पानावर आली, तरच कोणत्या पाण्याने किती हंगामांत जमीन बिघडते हे दिसेल. आज एक विद्यापीठ पाण्याकडे पाहते, दुसरे मातीकडे, आणि दोन्ही सोसणारा शेतकरी एकच आहे.

आकडे गावात परत आले पाहिजेत. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरमागे 500 मिलिग्रॅमपर्यंत असावेत आणि दुसरा स्रोतच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घ्यावेत, असे भारतीय मानक आहे. आपल्या हातपंपाचा आकडा यात कुठे बसतो, हे ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मराठीत लिहिलेले असावे. या पट्ट्यावर होणाऱ्या प्रत्येक पीएच.डी. प्रबंधाचा दोन पानी मराठी सारांशही संबंधित ग्रामपंचायतीला द्यावा.

मूत्रपिंडाच्या आजाराबद्दल आम्ही जपून बोलतो. आमच्या गावांत असे रुग्ण आहेत आणि लोक पाण्याकडे बोट दाखवतात. खारे पाणीच कारण आहे असा दावा आम्ही करत नाही. उन्हातली मजुरी, वेदनाशामक गोळ्या, मधुमेह, रक्तदाब हे सगळे तपासावे लागेल. त्यासाठी अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला सोबत घेऊन, गोड्या पाण्याची नळयोजना पोचलेली आणि न पोचलेली गावे यांचा तुलनात्मक अभ्यास व्हावा.

या सगळ्याला अडसर कशाचा आहे, हेही स्पष्ट लिहितो. तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकाला वर्गातल्या तासाचे पैसे मिळतात, बांधावर घालवलेल्या दिवसाचे मिळत नाहीत. कायम प्राध्यापकाची पदोन्नती छापलेल्या निबंधांकडे पाहते. क्षेत्रकार्याचे तास मानधनात धरावेत आणि पाच वर्षे सलग ठेवलेल्या नोंदवहीला पदोन्नतीत गुण द्यावेत. शासनाची मान्यता लागत असेल तर दोन्ही विद्यापीठांनी मिळून प्रस्ताव पाठवावा.

वरूड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात उपशामुळे पाणी खोल गेले आहे, तिथेही हीच पद्धत लागू पडेल. पण सुरुवात खारपाणपट्ट्यातून व्हावी, असा आमचा आग्रह आहे. ऋणमोचनला पूर्णेच्या काठी गाडगेबाबांनी स्वतः राबून घाट बांधला. त्यांचे नाव लावणाऱ्या विद्यापीठाने त्याच नदीच्या खोऱ्यातले पाणी मोजावे, ही अपेक्षा वावगी नाही.

विद्यापरिषदेच्या येत्या बैठकीत हा विषय घ्यावा. कोणती महाविद्यालये सुरुवात करणार आणि पहिली नोंद कोणत्या मे महिन्यात होणार, हे आम्हाला लेखी कळवावे. विहिरी दाखवायला आणि नमुने प्रयोगशाळेपर्यंत पोचवायला आमची माणसे येतील.

आपले,
खारपाणपट्ट्यातील शेतकरी, शिक्षक व विद्यार्थी यांच्या संघटनेच्या वतीने