एक कॅमेरा, एक शिट्टी

परवा शुक्रवारी रात्री भर थंडीत उभं राहून मी एका माणसाला मनसोक्त शिव्या घातल्या. मराठीतून घातल्या, त्यामुळे त्याला काही कळल्या नसणार. शेजारच्या सीटवरचे आजोबा मात्र कौतुकाने बघत होते. भाषा नाही, पण भावना पोचली असावी :-)

तो माणूस म्हणजे रेफरी. सामना प्रीमियर डिव्हिजनचा. इंग्लंडचा नव्हे हो, आयर्लंडचा! इथे १९२१ पासून स्वतःची लीग आहे, हे डब्लिनला नोकरीसाठी येईपर्यंत मलाही माहीत नव्हतं. तर शेवटची दहा मिनिटं उरलेली, आमचा स्ट्रायकर पेनल्टी बॉक्समध्ये पडला आणि रेफरीने हातानेच 'चालू ठेवा' म्हटलं. अख्खा स्टँड उठून उभा राहिला. आम्ही १-० हरलो. (क्लबचं नाव सांगत नाही, उगाच वाद नको.)

घरी येऊन रेकॉर्डिंग लावलं. तेच दहा सेकंद आठ वेळा बघितले. कॅमेरा एकच, स्टँडवर उंच, मध्यरेषेसमोर. नेमक्या क्षणी डिफेंडरची पाठ आड येते. पेनल्टी होती की नव्हती, देव जाणे. काल मात्र एका मित्राने गोलच्या मागून मोबाइलवर घेतलेला व्हिडिओ पाठवला. त्यात स्वच्छ दिसतंय, डिफेंडरचा पाय आधी बॉलला लागलाय. म्हणजे रेफरी बरोबर होता! आणि हजारो लोक घसा फोडून त्याला चोर म्हणत होते. त्यात मी पण.

तेव्हापासून डोक्यात एकच किडा वळवळतोय.

इथल्या फुटबॉलवाल्यांच्या दोन तक्रारी कायमच्या. एक, टीव्ही आपल्या लीगला विचारत नाही. दोन, रेफरी भिकार आहेत. दोन्ही तक्रारी लोक वेगवेगळ्या करतात. मला वाटतं, ही एकच तक्रार आहे.

आपल्या भाषेत सांगतो. समजा, प्रॉडक्शनवर काहीतरी फाटलं आणि लॉगच नाहीत. मग काय होतं? जो सगळ्यात मोठ्याने ओरडतो, त्याचं खरं ठरतं. बग कुठे होता ते कधीच कळत नाही, आणि ज्याने कोड लिहिला त्याला शिकायलाही काही मिळत नाही. एका कॅमेऱ्याचा सामना म्हणजे लॉग नसलेलं सॉफ्टवेअर. मध्यरेषेवरच्या कॅमेऱ्याला गोलपाशी झालेला ऑफसाइड तिरकाच दिसणार. त्या चित्रावरून रेफरीला मूर्ख ठरवणं सोपं, पण तो मूर्ख आहे की नाही हे सिद्ध करणं अशक्य.

आता हिशोब बघा. प्रीमियर डिव्हिजनमध्ये दहा संघ. प्रत्येक जण दुसऱ्याशी चारदा खेळतो, म्हणजे मोसमात १८० सामने, एका फेरीत पाच. २०२० मध्ये कोविडमुळे मैदानं बंद झाली तेव्हा फुटबॉल असोसिएशन ऑफ आयर्लंडने, म्हणजे एफएआयने, आरटीईबरोबर ऑनलाइन प्रक्षेपण सुरू केलं. पुढे त्याची जागा एलओआयटीव्हीने घेतली. २०२५ च्या मोसमात व्हर्जिन मीडियाने शुक्रवारचे सामने थेट दाखवायला घेतले. ही प्रगतीच आहे, नाकारत नाही. पण पाचातल्या एका सामन्याला टीव्हीची सगळी सरबराई मिळते आणि बाकीचे गरिबाघरच्या लग्नाच्या व्हिडिओसारखे दिसतात. गुण मात्र पाचही सामन्यांचे सारखेच मोजले जातात ना?

बरं, लोकांना रस नाही म्हणावं तर तेही खोटं. २०२३ च्या एफएआय कप फायनलला अवीवा स्टेडियममध्ये ४३,८८१ लोक होते. १६ फेब्रुवारी २०२५ ला बोहेमियन्स विरुद्ध शॅमरॉक रोव्हर्स हा लीगचा साधा सामना त्याच मैदानावर झाला, तेव्हा ३३,२०८. लोक आलेत. कॅमेरे मागे राहिलेत.

यावर ऑफिसमधला ठरलेला उपाय म्हणजे "व्हीएआर आणा". स्कॉटलंडने ऑक्टोबर २०२२ मध्ये आणला, आपण का नाही? २०२५ च्या मोसमापर्यंत इथे तो नव्हता. पण व्हीएआर म्हणजे पुष्कळ कॅमेरे, वेगळी खोली, वेगळे प्रशिक्षित रेफरी आणि दर आठवड्याचा खर्च. आणि एवढं करून चुका थांबतात का? ३० सप्टेंबर २०२३ ला टॉटनहॅमविरुद्ध लिव्हरपूलच्या लुईस दियाझचा चांगला गोल ऑफसाइड म्हणून गेला, व्हीएआर असताना! खोलीतल्या लोकांना वाटलं की मैदानावर गोल दिलाय, म्हणून त्यांनी 'निर्णय बरोबर' असं कळवून टाकलं. जगातली सगळ्यात श्रीमंत लीग, २००१ पासून पूर्णवेळ व्यावसायिक रेफरी, आणि बग कुठला? तर कम्युनिकेशनचा. आपल्या दर सोमवारच्या मीटिंगसारखा.

पण त्यानंतर एक गोष्ट चांगली झाली. ते संभाषण जाहीर केलं गेलं. चूक नेमकी कशी झाली, हे सगळ्यांनी ऐकलं. म्हणजेच लॉग उघडले. मला इथे हवंय ते हेच.

दुसरा एक मार्गही आहे, फुटबॉल व्हिडिओ सपोर्ट. फिफाने २०२४ मध्ये कोलंबियातल्या वीस वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकात तो वापरून बघितला. वेगळी व्हिडिओ टीम नाही. प्रत्येक प्रशिक्षकाला सामन्यात दोनदा दाद मागता येते आणि रेफरी स्वतः मैदानाकडेच्या पडद्यावर बघून ठरवतो. क्रिकेटच्या डीआरएसवर वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. छोट्या लीगला परवडेल असं आहे. फक्त पडद्यावर दाखवायला काहीतरी हवं! एकाच कॅमेऱ्याची पाठमोरी दृश्यं रेफरीने बघून काय उपयोग? म्हणून आधी कॅमेरे. प्रत्येक मैदानावर निदान दोन्ही गोलच्या मागे एकेक. तेच फुटेज सोमवारी रेफरींच्या प्रशिक्षणाला द्या. आणि आठवड्याच्या कार्यक्रमात एखाद्या निवृत्त रेफरीला बसवून वादग्रस्त निर्णय नियमासकट समजावून सांगा. नुसती माजी खेळाडूंची हळहळ नको.

"पण इथले रेफरीच मुळात कच्चे," असं कोणी म्हणेल. मग मिशेल ओ'नील कुठून आल्या? (राजकारणातल्या त्या नावाच्या बाई वेगळ्या.) २०१९ मध्ये महिला विश्वचषकाच्या फायनलला आणि पुरुषांच्या युएफा सुपर कपला, लिव्हरपूल विरुद्ध चेल्सी, लाइनवर झेंडा घेऊन उभ्या होत्या त्या आयर्लंडच्याच. माती वाईट नाही. पाणी घालत नाही आपण.

आणि आता जे खरं टोचतंय ते. माझ्या टीममधल्या एकाचा मुलगा, सोळा वर्षांचा, शनिवारी सकाळी लहान मुलांच्या मॅचेसना शिट्टी वाजवायचा. एक मोसम केलं आणि सोडलं. कारण? दहा वर्षांच्या पोरांचे बाप बाहेर उभे राहून त्याला जे बोलायचे ते. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये उत्तर डब्लिनच्या मुलांच्या लीगमध्ये रेफरींनी अशाच शिवीगाळीला कंटाळून एक वीकएंड काम बंद ठेवलं होतं. ते बाप हे बोलायला कुठे शिकतात? शुक्रवारी रात्री, माझ्या शेजारच्या सीटवर. कदाचित माझ्याकडूनच.

मला हे सांगायचा अधिकार आहे असंही नाही. इथे स्थानिक क्लबला न जाता पबमध्ये बसून इंग्लंडच्या टीमसाठी जीव टाकणाऱ्याला 'बारस्टूलर' म्हणतात. मी पुण्यात तेच होतो. मँचेस्टरसाठी रात्र रात्र जागायचो. पुणे एफसी बालेवाडीला खेळायची, घरापासून वीस मिनिटं, मी एकदाही गेलो नाही. ती टीम बंद पडली. एफसी पुणे सिटी होती, तीही २०१९ मध्ये गेली आणि तिची जागा हैदराबादला मिळाली. "टीव्हीवर चांगलं दिसत नाही" म्हणून आपण जात नाही, आपण जात नाही म्हणून टीव्ही येत नाही, आणि एक दिवस बघायला काहीच उरत नाही.

असो. पुढच्या शुक्रवारी घरचा सामना आहे. जाणार आहेच. मोबाइल पूर्ण चार्ज करून, गोलच्या मागे उभा राहणार आहे. झाला तर रेफरीच्या बाजूने एक कॅमेरा वाढेल.

आणि शिव्या? निदान रिप्ले बघेपर्यंत तरी राखून ठेवीन म्हणतो.