शाळेची निवड की शिक्षणाचा हक्क?

बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीत शिलाई यंत्रावर राबणाऱ्या कामगार स्त्रीला ‘मुलासाठी शाळा निवडा’ असे सांगणे ही क्रूर थट्टा आहे. निवड पैसेवाल्यांची असते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने विनाअनुदानित खाजगी शाळांतील प्रवेशवर्गाच्या २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांना दिल्या. खर्चाची भरपाई सरकारने करावयाची होती. २०१९ मध्ये कर्नाटक सरकारने नियम बदलला : परिसरात सरकारी वा अनुदानित शाळा असल्यास ही जागा मिळणार नाही. उच्च न्यायालयाने त्याच वर्षी तो वैध ठरविला. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये तीच वाट धरली. मुंबई उच्च न्यायालयाने ती रोखली.

सरकारी पैसा खाजगी संस्थाचालकांच्या तिजोरीत जाऊ नये, हे तत्त्व योग्यच आहे. परंतु गरिबांच्या मुलांपुढे एक दार लावून घेणाऱ्या सरकारवर दुसऱ्या दारामागची शाळा सुधारण्याची जबाबदारी दुपटीने येते. कोठारी आयोगाने १९६६ मध्येच समान शाळापद्धतीची शिफारस केली होती. वस्तीतील सर्व मुले एकाच बाकावर बसतील अशी सुसज्ज सरकारी शाळा, ही मागणी कामगार चळवळीने वेतनवाढीच्या मागणीइतक्याच जोराने लावून धरली पाहिजे.