कर्ता सापडला की क्रियापद चुकत नाही



एका रविवारी विहारातील वंदना आटोपल्यावर एक माउली आपल्या आठवीतल्या मुलीची इंग्रजीची वही घेऊन आमच्यापाशी आली. चार घरची धुणीभांडी करून संसार ओढणारी बाई. म्हणाली, "सर, बाकी सगळं येतं हिला. इंग्रजीतच लाल रेघा पडतात. आता म्हणते, मला इंग्रजी जमायचंच नाही. आमच्या घरात कुणाला येत नाही. आम्ही काय सांगणार पोरीला?" मुलगी मान खाली घालून उभी होती.

आम्ही वही उघडली. 'माझे वडील' या विषयावर दहा वाक्ये होती आणि त्यातल्या सहांवर लाल रेघ होती. "माय फादर आर अ ड्रायव्हर." "दे ड्राइव्ह अ टेम्पो." "माय मदर वर्क इन फोर हाऊसेस." चुका सहा दिसत होत्या, पण त्यांचे मूळ एकच होते. ते मूळ समजले असते तर त्या पोरीने 'मला जमायचंच नाही' असे म्हटले नसते. अनेक घरांतल्या वह्यांमध्ये हीच लाल रेघ आहे, म्हणून आजचे सदर तिच्यासाठी.

आम्ही आधी आईलाच विचारले, "बाई, मुलीने भाकरी खाल्ली की खाल्ला?" ती हसली. "खाल्ली. खाल्ला कसं म्हणायचं?" "आणि आंबा?" "आंबा खाल्ला. केळं खाल्लं." खाणारी मुलगी तीच, पण क्रियापद तीनदा बदलले, कारण ते खाणारीकडे न पाहता खाल्लेल्या वस्तूकडे पाहते. व्याकरणात याला कर्मणी प्रयोग म्हणतात. 'मुलगा जातो, मुलगी जाते' यात क्रियापद कर्त्याकडे पाहते, तो कर्तरी प्रयोग. 'पोलिसांनी चोरांना पकडले' यात ते कोणाकडेच पाहत नाही, तो भावे प्रयोग. शाळेची पायरी न चढलेली आई हे तिन्ही प्रयोग दिवसभर न चुकता बोलते. इतके अवघड व्याकरण ज्या घरात नांदते, त्या घराने इंग्रजीच्या क्रियापदाला भिण्याचे कारण नाही. या बाबतीत इंग्रजी मराठीहून सोपी आहे.

इंग्रजीत क्रियापद फक्त कर्त्याकडे पाहते. कर्म काहीही असो, क्रियापदाला त्याचे सोयरसुतक नाही. कर्ता स्त्री की पुरुष हेही ते विचारत नाही. ते दोनच गोष्टी विचारते. कर्ता कोण, मी, तू की तिसरा कोणी? आणि तो एक की अनेक?

हे आपल्याला नवे नाही. त्रिशरण घेताना आपण 'गच्छामि' म्हणतो. त्यातला शेवटचा 'मि' म्हणजे 'मी'. पालीत 'गच्छति' म्हणजे तो जातो आणि 'गच्छन्ति' म्हणजे ते जातात. कर्ता बदलला की शेपूट बदलते. परमपूज्य बाबासाहेबांनी स्वतः पालीच्या व्याकरणाचे आणि शब्दकोशाचे काम केले होते. महाराष्ट्र शासनाने १९९८ साली प्रसिद्ध केलेला त्यांच्या लेखन-भाषणांचा सोळावा खंड त्याचाच आहे. जगातल्या मोठमोठ्या पदव्या घेतलेल्या माणसाने व्याकरणाला कमी लेखले नाही, हे मुलांना जरूर सांगा.

आता इंग्रजी क्रियापदांचे चार ढीग करू.

पहिला ढीग 'असणे' दाखवणाऱ्यांचा. आय असेल तर अ‍ॅम, एक असेल तर इज, अनेक असतील तर आर. यू एकाला म्हटले तरी आरच येते. भूतकाळात आय आणि एकासाठी वॉज, यू आणि अनेकांसाठी वेअर.

दुसरा ढीग हॅव आणि डू यांचा. तिसरा कोणी एकटा असेल तर त्यांचे हॅज आणि डझ होते.

तिसरा ढीग काम दाखवणाऱ्यांचा: वर्क, ईट, गो, रीड. इथे वर्तमानकाळात तिसरा कोणी एकटा असेल, म्हणजे ही, शी, इट किंवा एकाचे नाव, तरच क्रियापदाला 'एस' लागतो. शी वर्क्स, ही रीड्स. गोला 'ईएस' लागून गोज होते. आय, यू, वुई, दे यांना 'एस' नाही. भूतकाळात तर सर्वांना वर्क्ड एकच.

चौथा ढीग कॅन, विल, शॅल, मे, मस्ट यांचा. यांना कधीच 'एस' लागत नाही आणि यांच्यामागून येणाऱ्या क्रियापदालाही लागत नाही. शी कॅन वर्क.

पहिला आणि तिसरा ढीग मिसळला की 'आय अ‍ॅम गो' अशी खिचडी होते. रोज जातो असे सांगायचे तर 'आय गो', आत्ता जात आहे असे सांगायचे तर 'आय अ‍ॅम गोइंग'.

मग चूक कुठे होते? कर्ता ओळखण्यात. तो वाक्याच्या प्रकाराप्रमाणे जागा बदलतो.

विधानार्थी वाक्यात कर्ता क्रियापदाच्या आधी असतो. 'सुजाता वर्क्स.'

प्रश्नार्थी वाक्यात मदतीचे क्रियापद पुढे येते आणि कर्ता त्याच्यामागे जातो. 'डझ सुजाता वर्क?' इथे 'एस' डझने उचलला, म्हणून वर्क मोकळे झाले. एक हंडा दोघींच्या डोक्यावर नसतो. 'डझ सुजाता वर्क्स' म्हटले की चुकले. नकारातही तसेच: 'शी डझ नॉट वर्क.'

आज्ञार्थी वाक्यात कर्ता लपलेला असतो. 'ओपन द डोअर' यात दार उघडणारा 'तू' आहे, म्हणून 'एस' नाही.

उद्गारार्थी वाक्यात कर्ता आणि क्रियापद बहुधा शेवटी येतात. 'व्हॉट अ बिग ट्री इट इज!' कर्ता इट, म्हणून इज.

आता मुले जिथे हमखास पडतात ते खड्डे पाहू.

पहिला खड्डा आपल्या चांगल्या वळणाचा आहे. आपण वडिलांना 'ते आले' म्हणतो, बाबासाहेबांना 'ते शिकले' म्हणतो. हे आदराचे अनेकवचन. त्या पोरीने 'माझे वडील आहेत' यातला मान जसाच्या तसा इंग्रजीत नेला आणि 'माय फादर आर' लिहिले. ती चुकली, पण तिने वडिलांचा मान राखला होता! इंग्रजीत हे अनेकवचन नाही. तिथे वडील ही आणि बाबासाहेबही ही. 'माय फादर इज', 'डॉक्टर आंबेडकर वॉज'. त्यात अपमान नाही.

दुसरा खड्डा दूरच्या कर्त्याचा. 'वन ऑफ माय ब्रदर्स वर्क्स इन अ फॅक्टरी.' क्रियापदाजवळ ब्रदर्स दिसतात म्हणून मूल वर्क लिहिते. पण कारखान्यात जाणारा भाऊ एकच आहे. 'द बॉक्स ऑफ बुक्स इज हेवी' यात जड आहे ती पेटी.

तिसरा खड्डा फसव्या शब्दांचा. पीपल आणि चिल्ड्रन यांना 'एस' नाही, तरी ते अनेक. न्यूजच्या शेवटी 'एस' आहे, तरी ती एक. एव्हरीबडी म्हणजे सगळे, पण क्रियापद एकाचेच.

मुलांना एक खूण सांगा. नावाला 'एस' लागला की ते अनेक होते आणि क्रियापदाला 'एस' लागला की कर्ता एक असतो. म्हणून 'एस' बहुधा एकाच बाजूला बसतो: 'द बॉय प्लेज', 'द बॉईज प्ले'. वर सांगितलेले फसवे शब्द तेवढे सोडा.

आता आईबापांनी काय करायचे? २००० सालापासून आपल्या राज्यातल्या मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. आपल्यापैकी अनेकांना ते पाचवीपासून होते आणि काहींची शाळा त्याआधीच सुटली. तरीही तीन प्रश्न मराठीतच विचारता येतात. मूल वही घेऊन बसले की प्रत्येक वाक्याला विचारा: "हे कोण करतंय? तो एक आहे की अनेक? मग क्रियापद कोणतं घेतलंस?" उत्तर बरोबर की चूक हे तुम्हाला कळले नाही तरी चालेल. मुलाला थांबून कर्ता शोधावा लागतो आणि निम्म्या चुका तिथेच त्याच्या लक्षात येतात. रोज पाच वाक्ये पुरेत.

त्या दिवशी विहाराच्या पायरीवर आईने मुलीला हेच प्रश्न विचारले. "टेम्पो कोण चालवतं?" "पप्पा." "किती जण?" "एकच." मुलीने स्वतःच दे खोडून ही लिहिले आणि ड्राइव्हला 'एस' लावला. सहांपैकी पाच वाक्ये तिने आमच्या मदतीशिवाय दुरुस्त केली. सहावे राहिले: 'ही डझ नॉट टेक्स लीव्ह.' तिला हंड्याची गोष्ट सांगितली. "म्हणजे डझनं उचलला की टेकनं नाही उचलायचा," ती म्हणाली आणि तिने 'एस' खोडला. आई वहीकडे बघत होती. म्हणाली, "एवढंच होतं होय? मला वाटलं, पोरगी ढ आहे."

पोरगी ढ नव्हती आणि आईही अडाणी नव्हती. नेमके काय चुकते ते त्यांना कोणी सांगितले नव्हते. न समजलेली लहानशी गोष्ट मुलाला वर्षभर शरमेने बसवून ठेवते आणि पुढे हळूच शाळेतून बाहेर काढते. त्या लाल रेघेला आम्ही म्हणून भितो.

शेवटी घरचा अभ्यास. संविधानाची इंग्रजी उद्देशिका मुलांसमोर ठेवा. पहिलाच शब्द वुई, म्हणजे आम्ही. मुख्य क्रियापदे मात्र थेट शेवटच्या ओळीजवळ आहेत: अ‍ॅडॉप्ट, इनॅक्ट, गिव्ह. मुलांना ती शोधू द्या आणि एकालाही 'एस' का नाही ते विचारा. कर्ता कोण, हे त्यांना स्वतःच्या तोंडाने सांगू द्या.

नमो बुद्धाय. जयभीम.