उदारमतवादी म्हणे!

इऑन ब्रातियानूंना 'आधुनिक रुमानियाचे शिल्पकार' म्हणतात. म्हणा बापडे. १८६६त कारोलला गादीवर बसवण्यात, १८७७च्या स्वातंत्र्यात त्यांचा वाटा मोठाच. पण 'उदारमतवादी'? १८६६च्या राज्यघटनेत परक्यांपैकी फक्त ख्रिश्चनांनाच नागरिकत्व! तिथेच जन्मलेले ज्यूही परकेच. १८७८च्या बर्लिन तहाने समान हक्कांची अट घातली. तेव्हा पंतप्रधान हेच. १८७९त घटना बदलली, पण कशी? १८७७च्या युद्धात लढलेले काही शेकडा सोडले, तर प्रत्येक ज्यूने वेगळा अर्ज करायचा आणि संसदेने एकेकाला मंजुरी द्यायची! याला पळवाट नाही तर काय म्हणायचं, राव? सरसकट नागरिकत्व घटनेत यायला १९२३ उजाडलं. तेव्हा पंतप्रधान होते त्यांचेच चिरंजीव.