अडचण व्याजाच्या गणिताची नाही, कागदाची आहे

'आर्थिक साक्षरता नसल्यामुळे दलित कुटुंबांना गृहकर्ज मिळत नाही' हे वाक्य चर्चासत्रांत ऐकून माझे कान किटले आहेत. सावकाराचं व्याज पिढ्यान्‌पिढ्या भरलेल्या माणसांना व्याज कळत नाही, असं म्हणायला धाडस लागतं. त्यांच्याकडे नाही तो मालकीचा कागद. तो का नाही, याचं उत्तर जातीत आहे.

संशोधनासाठी मी झाशी जिल्ह्यातल्या चिरगावला जाते. मैथिलीशरण गुप्तांचं हे जन्मगाव, आज नगरपालिका असलेलं छोटं शहर. इथल्या दलित वस्तीत मला भेटलेली घरं दोन-तीन पिढ्यांची आहेत, पण दाखवायला असते घरपट्टीची पावती. पावतीने मालकी सिद्ध होत नाही, म्हणून बँक घर तारण घेत नाही. २०२० साली स्वामित्व योजना आली. आबादी जमिनीवरच्या घरांना कागद मिळू लागला. उत्तर प्रदेशात त्याला 'घरौनी' म्हणतात. पण योजना खेड्यांपुरती. वस्ती नगरपालिकेत, म्हणून योजनेच्या बाहेर.

आपण महाराष्ट्रातल्यांनी यावर हसू नये. १९५८च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगार वतनं रद्द झाली. महार वतनाच्या जमिनी परत मिळाल्या, त्या नव्या शर्तीवर: जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय हस्तांतर नाही. जमीन कुणी लाटू नये म्हणून अट हवीच. पण तिचा भार बँकेने आणि महसूल खात्याने उचलायचा, की अर्जदाराने चकरा मारून?

कागद कच्चा असला की माणूस बँकेकडून महागड्या गृहवित्त कंपनीकडे ढकलला जातो. हिशेब करू. कर्ज १० लाख, मुदत २० वर्षं. ८.५ टक्क्यांनी हप्ता सुमारे ८,६७८ रुपये, १३ टक्क्यांनी ११,७१६. वीस वर्षांत फरक ७ लाख २९ हजारांचा. बाजार याला जोखीम म्हणतो. मी याला जातीचा अधिभार म्हणते.

आणि योजना? २०२४च्या पंतप्रधान आवास योजना शहरी २.०मध्ये ९ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्यांना पहिल्या ८ लाखांच्या कर्जावर ४ टक्के व्याज अनुदान आहे, जास्तीत जास्त १ लाख ८० हजार. पण अनुदान मिळणार कर्ज मंजूर झालेल्याला. स्वतःच्या जागेवर घर बांधायची मदतही जागेचा कागद असलेल्याला. म्हणजे दार उघडं, पण उंबरठ्यापाशी पुन्हा तोच कागद.

घरातला पहिला पदवीधर अर्ज भरायला बसतो तेव्हा नकाराची लाज त्याच्याच वाट्याला येते. ती घेऊ नका. कर्ज नाकारताना मुख्य कारण लेखी द्यावं, असं रिझर्व्ह बँकेनं बँकांना सांगितलेलं आहे. ते लेखी मागा. 'साहेब नाही म्हणाले' हे कारण नसतं. एका वस्तीतले असे दहा लेखी नकार एकत्र आले की ती दहा माणसांची वैयक्तिक अपात्रता उरत नाही. तो वस्तीवरच्या अन्यायाचा पुरावा होतो.

मागणी सरळ आहे. शहरांतल्या जुन्या दलित वस्त्यांची मोजणी करा, मालकीचा कागद द्या, आणि तो घरातल्या बाईच्याही नावे द्या. साक्षरतेचे वर्ग त्यानंतर घ्या. हवं तर पहिल्या बाकावर बँकेच्या अधिकाऱ्यांना बसवा.