सोमवारची वाट कशाला पाहायची?

माझ्याकडे दोनशे पानी एक वही आहे. दर रविवारी सकाळी त्यात वजन लिहायचं, असा माझा नेम होता. तिच्या एका पानावर '२५ फेब्रुवारी २०२४, रविवार, ६७.२' अशी नोंद आहे आणि तिच्या अगदी खालच्या ओळीवर 'बुधवार, १६ एप्रिल २०२५, ७५.४'. दोन ओळींमध्ये जागा सोडलेली नाही, पण मधे जवळजवळ चौदा महिने गेलेत. त्या चौदा महिन्यांबद्दल मला लिहायचं आहे. वजन कमी कसं करावं हे सांगणारे गल्लोगल्ली भेटतात. सुटलेलं पुन्हा कसं धरावं, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.

मी ४९ वर्षांची आहे, माध्यमिक शाळेत गणित शिकवते, नाशिकमध्ये कॅनडा कॉर्नरजवळ राहते. जून २०२३ मध्ये माझं वजन ७८ होतं, उंची १५६ सेंटिमीटर. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा ६.२ आला आणि डॉक्टर म्हणाले, मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहात. २०१८-१९ मध्ये डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या दोन वेळच्या जेवणाची जी लाट महाराष्ट्रात आली, तिच्यात आमच्या शिक्षक खोलीतले निम्मे लोक होते. मी तेव्हा नुसती ऐकत होते. आता तेच धरलं. दुपारी एकला आणि रात्री आठला, पंचावन्न मिनिटांच्या आत जेवण, मधे फक्त पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचा कोरा चहा. सकाळी गोल्फ क्लबच्या मैदानावर पाऊण तास चालणं. कागदोपत्री ते हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, पण आम्हा नाशिककरांच्या तोंडी गोल्फ क्लबच. आठ महिन्यांत पावणेअकरा किलो उतरले. गुडघा दुखायचा थांबला. लग्नातलं शालू-ब्लाउज बारा वर्षांनी अंगात गेलं.

मग तो रविवार. मुंबईहून भाचा आला होता. पाहुणा आला की रविवारी सकाळी मिसळ, हे नाशिकमध्ये ठरवावं लागत नाही. दहाच्या सुमारास मखमलाबादच्या बाजूला एका मळ्यात गेलो. आंब्याखाली बाकडी, पोरांना झोके, वाट पाहणारी पंचवीस-तीस माणसं. माझं जेवण एक वाजता होतं, म्हणून मी कोरा चहा सांगितला. ताटं आली. काळ्या मसाल्याचा रस्सा, वर तर्री, मटकी, दही, पापड. भाच्याने एक वाटी माझ्याकडे सरकवली, "मामी, एक घास." मी एक घास घेतला, मग अख्खी प्लेट मागवली, मग जिलबी. घरी आल्यावर दुपारचं जेवण झालं, संध्याकाळी भेळ, रात्री श्रीखंड. प्रत्येक वेळी मनात एकच वाक्य होतं: आज मोडलंच आहे, आता उद्या सोमवारपासून.

गणिताची बाई म्हणून आता हिशेब करते. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. भरलेली मिसळ-पावाची प्लेट धरली तरी त्याच्या दहाव्या भागापलीकडे जाणं कठीण. म्हणजे त्या मिसळीने माझं काहीच बिघडवलं नव्हतं. बिघडवलं ते 'मोडलंच आहे' या दोन शब्दांनी. १९७५ साली अमेरिकेत हर्मन आणि मॅक या दोन मानसशास्त्रज्ञांनी महाविद्यालयीन मुलींवर एक प्रयोग केला. काहींना आधी मिल्कशेक प्यायला दिला आणि मग सगळ्यांना आइस्क्रीम चाखायला सांगितलं, हवं तेवढं. ज्या मुली एरवी हात राखून खायच्या नाहीत, त्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं. ज्या सतत वजनाच्या धाकात खायच्या, त्यांनी मात्र मिल्कशेकनंतर जास्त खाल्लं. बांध फुटला आहे तर आता कशाला अडवायचं, असा तो हिशेब. हे वाचलं तेव्हा मला त्या मळ्यातलं बाकडं आठवलं.

आपण 'डाएट मोडलं' म्हणतो, उपास मोडल्यासारखं. पण माझ्या सासूबाईंची एकादशी मोडली म्हणून त्यांनी कधी एकादश्या सोडल्या नाहीत. पंधरा दिवसांनी पुढची येते आणि त्या ती करतात. आपण मात्र डाएटची पाटी पुसून नव्या मुहूर्ताची वाट पाहतो. मी तरी पाहिली. नऊ सोमवार मी मोजलेत. श्रावण धरून पाहिला, दिवाळीनंतरचा सोमवार धरून पाहिला. दर सोमवारी आदल्या आठवड्याची शिक्षा म्हणून जास्त कडक सुरुवात आणि गुरुवारपर्यंत थकवा. मधे एका वजन कमी करून देणाऱ्या केंद्रात गेले. मी काय केलं होतं, किती उतरलं होतं, कुठे सुटलं, यातलं काहीही न विचारता समोरच्या मुलीने आधी पैसे भरायला सांगितले आणि सात दिवसांचं सूप आणि पावडरीचं वेळापत्रक हातात दिलं. चौथ्या दिवशी वर्गात फळ्यासमोर मला घेरी आली. तिथे कुणी वाईट वागलं असं नाही, पण त्या धंद्यात माझी नवी सुरुवात विकली जाते. जुनं सांधून देणं कुणाच्या दरपत्रकात नाही.

सांधणं मला माहेरी दिसलं. माझ्या भावाची निफाड तालुक्यात चार एकर द्राक्षबाग आहे. ऑक्टोबरात गोडी छाटणी होऊन कोवळी फूट आलेली असते आणि नेमका तेव्हाच पाऊस झाला तर डावणी रोग पकडतो. मी तिथे होते त्या संध्याकाळी तासभर पाऊस पडला. रात्री साडेदहाला त्याने ट्रॅक्टरला ब्लोअर जोडला आणि दिव्याच्या उजेडात औषध मारायला बागेत शिरला. वहिनी म्हणाली, सकाळी जा की. तो म्हणाला, "पानं ओली आहेत तोवरच खेळ आहे, सकाळपर्यंत बाग नाही राहायची." पाऊस का पडला याचा त्याने उच्चार केला नाही, पुढच्या हंगामाची भाषाही केली नाही. तेव्हा मी नुसतं पाहिलं. एप्रिलमध्ये पुन्हा गेले तर खरड छाटणी झालेली, बाग बोडकी, आणि तो त्याच जुन्या खोडांना पाणी देत होता. मंगळवारी रात्री घरी आले, हात-पाय धुतले आणि जेवायला बसले नाही, आधी कपाटातून वही काढली.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, वजनकाट्यावर उभी राहिले. नवी वही आणावी असं फार वाटलं. आणली नाही. त्याच पेनाने ६७.२ च्या खाली ७५.४ लिहिलं. लिहिताना डोळ्यांत पाणी आलं, ते येऊ दिलं. दुपारी एकला घरच्यासारखंच जेवले, भाकरी, मेथीची भाजी, मुगाची उसळ, आधी काकडी. माझ्यासाठी वेगळं काही शिजवलं नाही. चौदा महिन्यांपूर्वी सुटण्याचं एक कारण तेही होतं: घरात दोन स्वयंपाक, दोन्ही माझ्याच हातचे.

तेव्हापासून एकच नियम आहे. चुकलं तर पुढचं जेवण वेळेवर आणि पोटभर. भरपाईचा उपास नाही, दुप्पट चालणं नाही, उद्या नाही. डोहाळजेवणाला बासुंदी झाली तर झाली; रात्री आठला पुन्हा भाकरी-भाजी. साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी जेवणाच्या वेळा स्वतःच्या मनाने बदलू नयेत, डॉक्टरांना विचारावं, हे इथेच सांगते.

दुसऱ्यांदा उतरण हळू असते. सहा महिन्यांत सव्वातीन किलो उतरले आहेत, पहिल्या वेळी एवढे दोन-अडीच महिन्यांत उतरले होते. माझं वय वाढलंय आणि शरीरही आपली बाजू धरून बसतं. अमेरिकेत टीव्हीवरच्या वजन उतरवण्याच्या स्पर्धेतल्या १४ जणांना केविन हॉल यांनी सहा वर्षांनी तपासलं. २०१६ मध्ये निष्कर्ष छापून आले: बहुतेकांचं वजन बरंचसं परत आलं होतं, तरी त्यांचं शरीर विश्रांतीत अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरी कमीच खर्च करत होतं. वजन परत येणाऱ्या माणसाला 'तुझ्यात जिद्दच नाही' असं म्हणणाऱ्याने हा आकडा एकदा समोर ठेवावा.

आणि 'अंगाने भरलेली आहे, चांगली दिसते' म्हणून सोडूनही देता येत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन या दोघांचा बीएमआय एकच होता, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. दोघांचा फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला होता. आपल्या हाडापेराला चरबी लवकर आणि पोटाशी चिकटते. म्हणून मी आता वजनाबरोबर शिंप्याच्या टेपने कंबरही मोजते. बायकांसाठी ८० सेंटिमीटरची मर्यादा सांगतात. माझी ९१ आहे, एप्रिलमध्ये ९६ होती.

डॉक्टरांना, आहारतज्ज्ञांना माझं एक मागणं आहे. आहाराचा कागद देताना त्याच्या मागच्या बाजूला अर्धं पान 'सुटल्यावर' या मथळ्याखाली द्या. लग्नाचा आठवडा, घरातलं आजारपण, परीक्षेच्या पेपरांचा ढीग, यातल्या प्रत्येकात माणूस सुटणारच. त्या दिवशी नेमकं काय खायचं आणि तुम्हाला कधी फोन करायचा, हे आधीच लिहून ठेवा. सुटलेला माणूस लाजेने तुमच्याकडे येत नाही. मी चौदा महिने माझ्या डॉक्टरांना तोंड दाखवलं नाही, आणि त्या काळात साखर ६.३ झाली.

मैदानावरही मी जात नव्हते. ओळखीच्या बायका 'काय, सुटलं वाटतं?' म्हणतील ही भीती. एप्रिलमध्ये गेले तेव्हा मुद्दाम उशिरा, सव्वासातला गेले. तरी रोजच्या तिघी समोरून आल्याच. त्यातल्या सर्वांत मोठ्या काकूंनी माझ्याकडे पाहिलं, ओढणी खांद्यावर सारखी केली आणि ट्रॅकवर एक पाऊल डावीकडे सरकल्या, माझ्यापुरती जागा झाली. "चला," एवढंच म्हणाल्या. दोन फेऱ्या आम्ही मेथीच्या भावाबद्दल बोललो.

गेल्या रविवारी भाचा पुन्हा आला होता. दहा वाजता त्याच मळ्यात गेलो. मी मिसळ सांगितली, पाव एकच, जिलबी नाही. दुपारी भूक नव्हती तर थोडा वरण-भात घेतला. संध्याकाळी भेळवाला हाक मारत गेला तेव्हा मी दहावीचे पेपर तपासत होते. आठला कुकरची शिट्टी झाली, मी पेपर बाजूला ठेवले आणि सगळ्यांची पानं वाढायला उठले.