शाळा सुटल्यानंतर

शाळा सुटल्याची घंटा वाजली की तुम्ही कुठे जाता? कोणी घरी जातो, कोणी शिकवणीला जातो, कोणी मदरशात जातो. काही मुले मात्र कुठेच जात नाहीत. वडील यंत्रमागावर बारा तासांच्या पाळीला गेलेले असतात, आई कामावर असते आणि घराला कुलूप असते. ही मुले नाक्यावर उभी राहतात. कोणीतरी कोणाला चिडवतो, कोणाचा धक्का लागतो. एवढ्यावरून मारामारी होते. दुसऱ्या दिवशी दोन्हीकडून मोठी मुले येतात आणि कधीकधी एखाद्याच्या खिशात चाकूही असतो.

लोक म्हणतात, "ही मुलेच वाईट आहेत." मला हे पटत नाही. अमेरिकेत अल्पवयीन मुलांच्या हिंसक गुन्ह्यांच्या वेळा तपासल्या, तेव्हा एक गोष्ट दिसून आली. शाळेच्या दिवशी असे गुन्हे दुपारी शाळा सुटल्यानंतरच्या तासांत सर्वांत जास्त होतात. सुट्टीच्या दिवशी मात्र दुपारी अशी वाढ दिसत नाही. मुले तीच, गावही तेच. मग दोष फक्त मुलांच्या स्वभावाचा कसा म्हणता येईल? त्या रिकाम्या वेळेकडेही पाहायला हवे.

ही वेळ भरून काढण्याचे काम आपल्या नागपुरातही झाले आहे. विजय बारसे हे तेथील हिस्लॉप महाविद्यालयात क्रीडाशिक्षक होते. पावसात काही मुले एका फुटक्या बादलीला लाथा मारत खेळत होती. बारसे सरांनी ते पाहिले आणि त्या मुलांच्या हाती फुटबॉल दिला. २००१ पासून त्यांनी झोपडपट्टीतल्या मुलांसाठी फुटबॉलच्या स्पर्धा भरवल्या. पुढे या कामातून मोठी संस्था उभी राहिली. २०२२ साली आलेला 'झुंड' हा चित्रपट याच कामावर आधारलेला आहे. तुमच्यापैकी काहींनी तो पाहिलाही असेल. मला त्यातली महत्त्वाची गोष्ट चेंडू ही वाटत नाही. चेंडू बाजारात मिळतो. रोज ठरलेल्या वेळी मैदानावर येणारा आणि एखादा मुलगा आला नाही तर "तो आज का आला नाही?" असे विचारणारा मोठा माणूस बाजारात मिळत नाही.

अमेरिकेत अशा मोठ्या माणसांची एक जुनी संस्था आहे. तिच्या नावाचा अर्थच 'थोरले भाऊ, थोरल्या बहिणी' असा आहे. न्यूयॉर्कच्या बालन्यायालयातील एका कारकुनाने १९०४ साली या कामाला सुरुवात केली. रोज तीच ती मुले न्यायालयात येताना पाहून त्याला वाईट वाटे. प्रत्येक मुलासाठी एकेक भला माणूस मिळावा, असे त्याने लोकांना सांगितले. या कामाचा खरोखर उपयोग होतो का, याची पाहणी पुढे झाली आणि १९९५ साली तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. १० ते १६ वर्षांच्या सुमारे साडेनऊशे मुलामुलींना त्यात घेतले होते. निम्म्यांना थोरला भाऊ किंवा बहीण मिळाली, निम्म्यांना थांबायला सांगितले. दीड वर्षानंतर पाहिले, तर सोबत मिळालेल्या मुलांमध्ये दुसऱ्यावर हात उगारण्याचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने कमी होते. शाळा बुडवण्याचे प्रमाणही बरेच कमी झाले होते.

हे थोरले भाऊ करत काय होते? फारसे काही नाही! बहुतेक जण महिन्यातून तीन किंवा जास्त वेळा भेटत. बरोबर फिरत, खेळत, बोलत. जे सतत उपदेश करत, त्यांची मुलांशी मैत्री जमली नाही. जे ऐकून घेत, त्यांची जमली. उपदेश करण्याची आम्हा मोठ्यांना फार हौस असते, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

पण एक धोकाही आहे. काही भाऊ दोनतीन महिन्यांतच यायचे बंद झाले. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले, की ज्यांची सोबत अशी लवकर तुटली, त्या मुलांचा स्वतःवरचा विश्वास पूर्वीपेक्षाही कमी झाला. ज्यांची सोबत वर्षभर किंवा जास्त टिकली, त्यांनाच खरा फायदा झाला. म्हणून थाटामाटात उद्घाटन करून, फोटो काढून चार आठवड्यांत बंद पडणारी केंद्रे उघडूच नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

मग आपल्याकडे काय करता येईल? अनेक शाळांची मैदाने संध्याकाळी कुलूपबंद असतात. ती दोन तास उघडी राहावीत. तिथे एक माणूस असावा आणि त्याला या कामाचा पगार मिळावा. नुसत्या सेवाभावावर असे काम फार दिवस चालत नाही. मुलींसाठीही वेळ आणि जागा ठेवावी. घरकामासाठी त्यांनाच आधी घरी बोलावले जाते, ही गोष्ट आपण सहज विसरतो.

आणि तुम्ही? तुम्ही नववी-दहावीत असाल, तर पाचवीतल्या मुलांना तुम्ही मोठेच आहात. ती तुम्हांला भाई म्हणतात, आपा म्हणतात. त्यांच्यापैकी एकाला आठवड्यातून एक संध्याकाळ द्या. त्याचे गणित सोडवून द्या, नाहीतर त्याला गोलंदाजी शिकवा. नाक्यावर भांडण सुरू झाले, तर त्याचा हात धरून त्याला तिथून घेऊन जा. मात्र वार ठरवलात, तर तो मोडू नका. शुक्रवारी येतो म्हणालात आणि गेला नाहीत, तर तो मुलगा बराच वेळ दारात उभा राहील.